वादळात पडलेली तीन झाडे: फळ्या पाडण्याच्या नोंदी

११ ऑक्टोबर २०२०

३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्या दुपारी आमच्या श्रीवर्धन तालुक्यातील वाडीत पोफळींच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. पोफळी आणि माड मोजण्यापलीकडचे होते, पण त्यांच्यासोबत तीन मोठी झाडेही गेली: घरामागचा रायवळ आंबा, विहिरीजवळचा कापा फणस आणि बांधावरची किंजळ. रायवळाची एक फांदी पडवीवर आली आणि तिने कौले, वासे आणि माजघराच्या दाराची चौकट असे सगळे एकदम घेतले. घर उभे करायला लाकूड हवे आणि लाकूड तर अंगणातच पडलेले आहे, या साध्या हिशेबातून हे काम सुरू होत आहे. पुढच्या खेपेला मला किंवा दुसऱ्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून जे केले, जे चुकले आणि जे मोजले ते तारखेनिशी लिहून ठेवतो.

तलाठ्यांचा पंचनामा जूनमध्येच झाला होता. आंबा, फणस आणि किंजळ ही तिन्ही नावे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत असल्याने झाड आपोआप पडलेले असले तरी कागद पुरे केल्याशिवाय करवत लावायची नाही, असे आम्ही ठरवले होते. ते कागद मागच्या आठवड्यात हातात आले. लाकूड घरासाठीच वापरायचे आहे आणि वाडीबाहेर जायचे नाही, त्यामुळे वाहतुकीच्या पासचा प्रश्न उरला नाही.

आज तिन्ही ओंडक्यांची मापे घेतली. वखारीत चालते तीच रीत वापरली, म्हणजे मध्यावरचा घेर इंचात घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढून वर्ग करायचा, फुटांतल्या लांबीने गुणायचे आणि १४४ ने भागायचे. फणसाचा घेर ८८ इंच आणि सरळ लांबी १० फूट, म्हणजे ३३.६ घनफूट. किंजळीचा घेर ६० इंच, लांबी १४ फूट, म्हणजे २१.९ घनफूट. रायवळाचा घेर तब्बल १३२ इंच आणि उपयोगी लांबी ९ फूट, म्हणजे ६८ घनफूट. या रीतीने खऱ्या घनफळाचा सुमारे ७८.५ टक्केच आकडा येतो, कारण साल आणि कापातली घट तिने आधीच वजा धरलेली असते. फणसाचा ओंडका खऱ्या हिशेबाने ४२ घनफुटांच्या पुढे जातो आणि ओल्या लाकडाचे वजन धरले तर एक टनाहून जड आहे. आमच्या घराकडे येणारी वाट म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी. तिथून क्रेन येत नाही आणि बैलगाडीही येत नाही. ओंडका आरागिरणीत नेता येत नसेल तर करवत ओंडक्याकडे न्यावी लागेल, एवढाच मार्ग शिल्लक आहे.

१८ ऑक्टोबर २०२०

मुळांपासून बुंधे तोडण्याचे काम झाले. उपटलेल्या झाडात सर्वांत धोक्याची जागा हीच असते, कारण मुळांचा थाळा मातीसकट उभा असतो आणि बुंध्याच्या वजनाने तो रोखून धरलेला असतो. बुंधा सुटला की थाळा एकदम मागे बसतो. फणसाच्या वेळी तसेच झाले: शेवटचे चार बोटे लाकूड उरले असताना थाळा कुरकुरला आणि काप पूर्ण होताच धाडकन खड्ड्यात बसला. तिथे आधीच कोणाला उभे राहू दिले नव्हते. मुले बघायला जमली होती, त्यांना मेस्त्रींनी विहिरीच्या पलीकडे नेऊन बसवले होते.

यंत्राबद्दल थोडे लिहितो. ९० सीसीची चेनसॉ, तिला ३६ इंचांचा बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, आणि बारवर बसणारी लोखंडी चौकट असा संच आहे. चौकटीमुळे बार आणि तिच्या खालच्या पट्ट्या यांतील अंतर कायम राहते आणि तेवढ्या जाडीची फळी निघते. झाड आडवे तोडण्याच्या नेहमीच्या चेनचे दात ३० अंशांवर घासलेले असतात. ओंडका लांबीच्या दिशेने, म्हणजे रेषांच्या बरोबरीने, कापायचा असेल तर तोच कोन १० अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. त्याने वेग थोडा कमी होतो, पण कापलेला पृष्ठभाग बराच सपाट येतो. मी ५.२ मिलिमीटरच्या गोल कानसीने दोन चेन घासून ठेवल्या आहेत. इंधन ५० ला १ या प्रमाणात, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल.

२८ ऑक्टोबर २०२०

दसऱ्याला विळा, कोयता, पहार यांच्या रांगेत चेनसॉही ठेवून पूजा झाली आणि काल-आज फणस कापला.

पहिल्या कापाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण सगळे काम त्या एका कापावर उभे असते. गोल ओंडक्याला सपाट बाजू नसते, म्हणून चौकट सरकवण्यासाठी वर एक सरळ रूळ लागतो. आम्ही त्यासाठी ॲल्युमिनियमची शिडी वापरली. दोन्ही टोकांना लाकडी आधार ठोकले, लेव्हल लावून ते एका पातळीत आणले आणि शिडी वर ठेवून चौकट तिच्यावरून ओढत नेली. काप सुरेख झाला असे वाटले. पुढच्या प्रत्येक कापाला रूळ लागत नाही, आधीच्या कापाचा पृष्ठभागच रूळ होतो, म्हणून शिडी काढून पुढे गेलो. दुसरी फळी उतरवल्यावर मेस्त्रींनी तिच्या कडेवर दोरी ताणली आणि काही न बोलता मला बोलावून दाखवली. फळीला मधोमध तीन सूत बाक होता (सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा). दहा फुटांची शिडी फक्त दोन टोकांवर टेकलेली होती आणि यंत्राच्या वजनाने ती मध्ये खचली होती. ती खचण पहिल्या कापात उतरली, पहिल्यातून दुसऱ्यात आणि हात थांबला नसता तर आठही फळ्यांत उतरली असती.

शिडी पुन्हा चढवली, या वेळी प्रत्येक अडीच फुटांवर खालून पाचरी देऊन, आणि पृष्ठभाग नव्याने सरळ करून घेतला. त्यात सव्वा इंच लाकूड गेले. मेस्त्री म्हणाले, "पहिला काप म्हणजे पाया. पाया वाकडा असेल तर भिंत सरळ येत नाही, भाऊ." त्यांचे वडील आणि आजोबा दोघे मिळून आरा ओढायचे: एक ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडत असे आणि तरीही त्यांच्या फळीत एक सुताचा फरक निघाला तर तो अपमान समजला जाई. घरातल्या जुन्या तुळयांवर त्या आऱ्याच्या तिरक्या रेघा अजून हाताला लागतात. आजची कामगिरी त्या रेघांशी ताडून पाहिली तेव्हा यंत्र हातात असण्याचा फारसा अभिमान वाटला नाही.

दोन इंची तयार फळी हवी म्हणून आम्ही सव्वादोन इंचांवर काप ठेवला. वरचे दोन सूत वाळताना होणारी घट आणि रंधा यांसाठी. साखळीचा काप तीन सूत जाड असतो, तेव्हा नऊ काप म्हणजे २७ सूत, म्हणजे जवळजवळ साडेतीन इंच निव्वळ भुसा. आरागिरणीचा पट्टा तेवढ्याच कामात नऊ सूत खातो. हा फरक लहान नाही आणि ओंडका नेता येत असेल त्याने गिरणीतच न्यावा. २८ इंच रुंदीचा एक काप पुरा व्हायला सरासरी १८ मिनिटे लागली. ओंडका उताराकडे थोडा कललेला ठेवल्याने यंत्र आपल्या वजनाने पुढे सरकत होते, नाहीतर पाठीचे काम फार वाढले असते. काप फूटभर पुढे गेला की मागे लाकडी पाचरी मारत जायचे म्हणजे वरची फळी बारवर बसत नाही.

फणस ताजा कापला की आत जो रंग दिसतो तो पाहण्यासारखा असतो. बाहेर चार बोटे फिकट लाकूड आणि त्याच्या आत एकदम हळदीसारखा पिवळा गाभा. याच गाभ्याच्या रंगात ब्रह्मदेशातील बौद्ध भिक्खूंची वस्त्रे रंगवण्याची रीत आहे. तंजावरची वीणा आणि मृदंगाचे खोड फणसाचेच असते. जून ते ऑक्टोबर पावसात पडूनही गाभ्याला काही झालेले नव्हते. फक्त बाहेरच्या फिकट भागात ठिपक्यांएवढी किडीची भोके होती. चीक मात्र अजून जिवंत होता: चेनच्या खोबणीत तो भुशासह थिजून बसे आणि प्रत्येक टाकीनंतर बार काढून रॉकेलने धुवावा लागे.

एकूण आठ फळ्या निघाल्या. काप होताच दोन्ही टोकांना जुन्या तेलरंगाचे दोन हात दिले. लाकडातले पाणी टोकांकडून फार वेगाने निघते आणि मधले लाकूड ओले असतानाच टोके आकसली की भेगा पडतात, म्हणून हे काम उद्यावर टाकता येत नाही.

३१ ऑक्टोबर २०२०

फळ्यांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी दिले: २० लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड. लाकूड ओले असतानाच हे द्यायचे, कारण आतले पाणीच ते क्षार हळूहळू खोलवर घेऊन जाते. वाळलेल्या फळीवर दिले तर ते वरच्यावर राहते. पावसाचे पाणी लागले तर ते धुऊनही जाते, त्यामुळे हा उपाय छपराखालच्या लाकडासाठीच आहे.

थप्पी गोठ्याच्या जागेत लावली. खाली जांभ्याचे चिरे दोन-दोन फुटांवर, गवंड्यांच्या पाण्याच्या नळीने सगळे एका पातळीत आणलेले. त्यावर फळी, फळीवर आडव्या रिपा, पुन्हा फळी. वरची रीप नेमकी खालच्या रिपेच्या डोक्यावर आणि चिऱ्याच्या रेषेत आली पाहिजे, नाहीतर फळी दोन आधारांच्या मध्ये झुकते आणि त्याच आकारात वाळते. रिपांसाठी पडलेल्या पोफळी फाडल्या, कारण वाडीत त्यांचीच कमी नाही. सर्वांत वर जुने चिरे वजनासाठी ठेवले.

२२ नोव्हेंबर २०२०

दिवाळीनंतर किंजळ घेतली. कोकणातल्या जुन्या घरांचे खांब आणि वासे ज्या लाकडांवर उभे आहेत त्यांत किंजळ अग्रभागी आहे आणि तिच्यावर चेन चालवली की त्याचे कारण समजते. फणसाला दोन कापांमागे एकदा कानस लागत होती, इथे प्रत्येक कापामागे लागली. भुसा लांब धाग्यांसारखा न येता पिठासारखा येऊ लागला की दात बोथट झाले असे समजायचे आणि ढकलणे थांबवायचे.

दुसऱ्या कापात फळी उचलून बाजूला ठेवली तेव्हा तपकिरी लाकडावर एक निळसर काळी रेघ दिसली. बोटाएवढी रुंद, वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली, शाईचा टाक ओल्या कागदावर टेकवावा तशी कडांना पसरलेली. मी चेन लावायला निघालो होतो, पण थोरल्या काकांनी हात धरला. "तिथे लोखंड आहे. थांब." जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक दोरीला बांधून त्या जागेवर फिरवले तर ते एका ठिकाणी लाकडाकडे ओढले गेले. पटाशीने दीड इंच खोल गेल्यावर काटेरी तार अडकवण्याची, दोन टोकांची वाकडी खिळी निघाली. किंजळ बांधावर होती आणि कधीतरी कुंपणाची तार तिलाच ठोकली होती. तार गंजून गेली, झाडाने खिळी पोटात घेतली आणि वर चार इंच लाकूड चढवले.

त्या काळ्या रंगाचे कारण आमच्या आजीच्या पिढीला पुस्तकाशिवाय ठाऊक होते. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्याकडे पूर्वी घरोघर करत. हिरड्यातील टॅनिन आणि हिराकसातील लोह यांच्या संयोगाने ती काळी होते. किंजळ ही हिरड्याच्याच कुळातली, तिच्या लाकडात टॅनिन भरपूर, आणि खिळीतले लोह पावसाच्या पाण्यासोबत लाकडात उतरत गेले. झाडाच्या पोटात वर्षानुवर्षे शाई तयार होत होती आणि त्या शाईनेच आज चेन वाचवली. खिळी मी जपून ठेवली आहे. यापुढे प्रत्येक काप उचलल्यावर रंगाकडे पाहायचे आणि चुंबक फिरवल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा नियम केला. त्याच ओंडक्यात आणखी दोन खिळ्या मिळाल्या.

किंजळीच्या फळ्या न पाडता तिचे चार चौकोनी वासे काढले आणि प्रत्येकाचे सात-सात फुटांचे दोन तुकडे केले, म्हणजे पाच इंची आठ खांब झाले. पडवीला चार लागतात. ओंडक्याचा मध्यबिंदू चौघांच्या मधोमध येईल अशी आखणी केली, म्हणजे कोणत्याच खांबाच्या पोटात तो राहत नाही. ज्या लाकडात हा मध्यबिंदू बंद राहतो ते वाळताना हटकून फाटते.

६ डिसेंबर २०२०

आज रायवळाकडे वळलो आणि आजची नोंद लिहिताना मन जड आहे.

ओंडक्याचा व्यास ४२ इंच आणि चौकटीत बसवल्यावर आमच्या बारची उपयोगी रुंदी ३२ इंच. म्हणून आधी दोन्ही बाजूंची सालपटे उभी कापून काढली. पहिले सालपट पडले आणि आतले लाकूड दिसले तेव्हा सगळे स्पष्ट झाले. जमिनीला टेकलेल्या बाजूने एक हात खोलवर लाकूड मऊ झाले होते, पहार सहज आत जात होती. वरच्या बाजूला बुरशीची निळी-करडी छटा आणि किडीची भोके, प्रत्येक भोकातून पीठ गळत होते. आंब्याच्या लाकडात साखर आणि पिष्ट भरपूर असते, गाभ्यात टिकाऊपणा असा फारसा नसतो, त्यामुळे बुरशी आणि भुंगा दोघांनाही ते आवडते. कोकणात आंब्याचे लाकूड फळांच्या पेट्यांना वापरतात ते त्यामुळेच: लवकर कापायचे, लवकर वापरायचे.

जूनमध्ये कागद हातात नव्हते हे खरे. पण कागद नसतानाही जे करता आले असते ते आम्ही केले नाही. "लाकूड काय पळून जातंय?" असे सगळेच म्हणत होते आणि मीही मान डोलावली होती. साल काढली असती, टोके रंगवली असती, पहारीने ओंडका वीतभर उचलून त्याच्याखाली दोन चिरे सारले असते आणि वर पत्रे घातले असते तरी ६८ घनफुटांतले निम्मे लाकूड वाचले असते. चार माणसांचे एका दिवसाचे काम होते ते. आम्ही पडलेल्या झाडाकडे दगडासारखे पाहिले, खरे तर ते उतरलेल्या आंब्यांच्या राशीइतकेच नाशिवंत होते. हे झाड माझ्या आजोबांच्या वडिलांनी कोय टाकून वाढवलेले, त्याच्या रसाच्या साठांवर आमचे बालपण गेले. वादळाने ते पाडले, पण सडू आम्ही दिले.

मधल्या भागातून दीड इंची पाच फळ्या निघाल्या, सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद. दोन फळ्यांवर बुरशीने नकाशासारख्या बारीक काळ्या रेषा काढल्या आहेत. लाकूड तिथे अजून घट्ट आहे, नखाने दबत नाही. त्या वेगळ्या ठेवल्या. बाकीचा ढीग आंघोळीच्या चुलीसाठी गेला.

२० डिसेंबर २०२०

ओलावा मोजण्याची सोय केली. मीटर विकत घेण्याऐवजी तोलण्याची जुनी पद्धत धरली. फणसाच्या फळीच्या मधल्या भागातून ऑक्टोबरमध्येच एक लहान तुकडा काढून तोलून ठेवला होता: ४१२ ग्रॅम. तो ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन घटणे थांबेपर्यंत वाळवला: २३६ ग्रॅम. गेलेले पाणी १७६ ग्रॅम, ते कोरड्या वजनाने भागले की ओलावा ७५ टक्के. त्याच फळीचा तीन फुटी तुकडा टोके रंगवून नमुना म्हणून थप्पीत ठेवला आहे, कापल्या दिवशी त्याचे वजन २१.४० किलो होते. त्यातले कोरडे लाकूड १२.२३ किलो असणार. आता तो नमुना अधूनमधून तोलत राहिले की संपूर्ण थप्पीचा हिशेब कळतो.

१४ फेब्रुवारी २०२१

नमुना १६.९ किलो, म्हणजे ओलावा ३८ टक्के. थंडीतल्या कोरड्या वाऱ्याने चांगले काम केले. पण आज थप्पी उलगडली आणि एक चूक उघडी पडली. पोफळीच्या रिपा आम्ही ओल्याच वापरल्या होत्या. जिथे जिथे रीप टेकली होती तिथे फळीवर दीड इंच रुंदीचा काळसर पट्टा उमटला आहे. रंध्याने एक-दोन ठिकाणी चाचपून पाहिले, डाग सुतापेक्षा खोल आहे. जुन्या छपराच्या वाळलेल्या सागवानी रिपा एक इंचावर एकसारख्या रंधून घेतल्या आणि त्याच जागी बसवल्या. रिपा वाळलेल्या असाव्यात हे मला माहीत होते. पोफळीची रीप बाहेरून वाळकी दिसते, आतून नसते, हे माहीत नव्हते.

मध्यबिंदू ज्यांच्यात राहिला होता त्या फणसाच्या दोन फळ्या अपेक्षेप्रमाणे लांबीत फाटल्या आहेत. त्या भेगेवरच उभ्या कापून चार अरुंद फळ्या केल्या.

१८ मे २०२१

काल तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले. निसर्गसारखा थेट घाव बसला नाही, पण गोठ्यावरचे चार पत्रे उडाले आणि थप्पीचा वरचा थर रात्रभर भिजला. आज ऊन पडताच वरच्या दोन फळ्या कोरड्या फडक्याने पुसल्या आणि लगेच उन्हात न टाकता सावलीतच रिपांवर उभ्या ठेवल्या. वाळत आलेली फळी भिजली तर पाणी वरच्या कातडीपुरतेच राहते, खरा घात नंतरच्या कडक उन्हाने होतो. पत्रे आता तारेने आवळून बांधले. बोरॅक्सचे पाणी वरच्या दोन फळ्यांना पुन्हा दिले, कारण पहिले वाहून गेले असे धरले पाहिजे.

भिजण्याआधी, ९ तारखेला तोललेला नमुना १५.१ किलो होता: २३ टक्के.

२२ ऑगस्ट २०२१

नमुना १४.९ किलो, २२ टक्के. मेपासून जवळजवळ काहीच फरक नाही आणि पावसाळ्यात तो पडणारही नाही, कारण हवाच पाण्याने भरलेली आहे. लाकूड वाळायला जाडीच्या इंचाला एक वर्ष असा जो आडाखा सांगतात, त्यात कोकणाने पावसाळ्याचे चार महिने धरू नयेत असे माझे मत झाले आहे.

१४ नोव्हेंबर २०२१

नमुना १४.४ किलो, १८ टक्के. किंजळीचे खांब मात्र आजच पडवीला उभे केले. खांब थोडे ओले असले तरी चालतात, मेस्त्रींनी फक्त वरची टोके घट्ट आवळली नाहीत. आठांपैकी एका खांबाला तिढा पडला होता, दुसऱ्याला खोल चीर गेली होती. चार निवडून घेतले, दोन सरळ उरले.

१० एप्रिल २०२२

नमुना १४.० किलो, साडेचौदा टक्के. आमच्या किनाऱ्यावर उघड्या हवेत लाकूड याहून फार खाली जात नाही. आजपासून माजघराच्या दाराचे काम सुरू.

हळदीचा तो पिवळा रंग दीड वर्षात मधाच्या रंगावर आला आहे. रंधा फिरवला की खालून पुन्हा पिवळा निघतो आणि दोन-तीन दिवसांत तोही शांत होतो. सव्वादोन इंचांची फळी तयार होऊन एक इंच सहा सूत भरली. दोन इंचांचा बेत पुरा झाला नाही, कारण रिपांचे डाग दोन्ही बाजूंनी काढावे लागले. दाराला एवढी जाडी पुरेशी आहे. चार फळ्या खाच आणि जीभ करून जोडल्या आणि मागे दोन आडव्या पट्ट्या दिल्या. पट्टीतले मधले स्क्रू घट्ट, बाजूच्या स्क्रूंची भोके लांबट ठेवली, म्हणजे पावसाळ्यात फळ्या फुगल्या की त्यांना सरकायला जागा मिळते. फाटलेल्या फळ्यांपासून काढलेल्या अरुंद पट्ट्यांतून चौकट झाली.

काळ्या रेषांच्या आंब्याच्या दोन फळ्यांची देवघरात मांडणी केली. आजीने त्यांच्यावरून हात फिरवला आणि "हा घरामागचाच ना?" एवढे विचारले.

७ ऑगस्ट २०२२

नव्या दाराचा पहिला पावसाळा. गेल्या आठवड्यापासून दार खालच्या कोपऱ्यात उंबऱ्याला घासू लागले. गुण्या लावून पाहिला: चार फळ्यांत मिळून रुंदी दीड सुताने वाढली आहे, खाचेतल्या जिभा सरकल्या आहेत, एकही फळी फाटलेली किंवा वाकलेली नाही. बिजागरीकडची बाजू जागेवर आहे. मेस्त्री आत्ताच रंधा मारू नका म्हणाले: आता छिलले तर मार्चमध्ये तिथे फट दिसेल. तोवर दार थोडे उचलून लावायचे. थप्पीत फणसाच्या दोन पूर्ण फळ्या शिल्लक आहेत, त्यांच्या रिपा आज बदलल्या आणि नमुना पुन्हा तोलला: १४.६ किलो.